पेपर कोण काढतो?

डिसेंबर २००१ मध्ये जर्मनीत एक यादी छापून आली आणि तिथल्या लोकांची झोपच उडाली. ३१ देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांची एकच चाचणी घेतलेली, त्यात वाचनामध्ये जर्मनीचा नंबर २१ वा. सरासरी ५०० आणि यांचे मार्क ४८४. आता ज्या देशाकडून आधुनिक विद्यापीठ कसं असावं हे अर्ध्या जगाने उचललं, ज्याच्या शाळा बघायला दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी लोक समुद्र ओलांडून जायचे, त्याला कुणीतरी बाहेरून येऊन सांगतंय की बाबा तुझी पोरं वाचायला कच्ची आहेत. मग काय, पेपर, टीव्ही, संसद, सगळीकडे आठवडेच्या आठवडे हाच विषय, आणि 'पिसा शॉक' हा शब्दच त्यांच्या भाषेत कायमचा बसला.

ही पिसा चाचणी घेते ओईसीडी. म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांची, पॅरिसमध्ये मुख्यालय असलेली एक आर्थिक संघटना. आर्थिक हा शब्द मुद्दाम लिहितोय. ही शिक्षकांची संघटना नाही, पालकांची नाही, कुठल्याही देशातल्या मतदाराने हिला निवडून दिलेलं नाही. २००० साली तिने पहिल्यांदा ही दोन तासांची चाचणी घेतली, वाचन, गणित आणि विज्ञान, आणि २०२२ च्या फेरीत ८१ देश आणि प्रदेश सामील होते. आज कुठल्याही देशाच्या शिक्षणमंत्र्याला जेवढी भीती स्वतःच्या पालकांची वाटत नसेल तेवढी या यादीची वाटते, असं मी म्हटलं तर ते फार वाढवून सांगितलं असं होणार नाही.

जागतिकीकरण आणि शिक्षण म्हटलं की दोन ठरलेली भाषणं होतात. एक म्हणजे आपली संस्कृती बुडणार, परकं शिक्षण आपल्या मुलांना मुळापासून तोडणार. दुसरं म्हणजे जग खुलं झालं, ज्ञानाला सीमा नसते, आता खेड्यातलं पोरगंही जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या प्राध्यापकाचं लेक्चर फोनवर ऐकू शकतं. दोन्हीत थोडं थोडं खरं आहे पण दोन्ही ऐकून मला जांभई येते, कारण खरी गोष्ट दोघांच्याही हातून निसटते. ती गोष्ट कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, तो सांगेल. सिलॅबस काहीही असो, अभ्यास पेपरात काय येतं त्याचाच होतो. म्हणून माझ्या मते जागतिकीकरणाने देशांच्या शिक्षणात सगळ्यात मोठा जो बदल केला तो अभ्यासक्रमात नाही, पुस्तकात नाही, भाषेतही नाही (तिथे परिणाम दिसतो, पण कारण तिथे नाही). बदल हा झाला की पेपर काढणारा बदलला. शाळा आधी ज्याला उत्तर द्यायची तो माणूस गावातला, निदान देशातला तरी होता. आता तो दुसरीकडेच कुठेतरी बसलाय.

विचार बाहेरून येणं यात नवीन काहीच नाही, हे आधी मान्य करून टाकू. आपण ज्याला 'राष्ट्रीय शिक्षणपद्धती' म्हणतो ती चीज बऱ्याच ठिकाणी मुळात उसनीच आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समधला शिक्षणसुधारक होरेस मान १८४३ मध्ये युरोपात फिरून प्रशियाच्या (म्हणजे तेव्हाच्या एका मोठ्या जर्मन राज्याच्या) शाळा बघून आला आणि परत येऊन तिथल्या शिक्षकांचं भरभरून कौतुक करणारा अहवाल लिहिला. जपानने १८७२ मध्ये पहिला मोठा शिक्षण कायदा केला तेव्हा देशाचे शाळा-जिल्हे पाडायची पद्धत फ्रान्सवरून घेतली. पण फरक बघा. मान गेला, पाहिलं, परत आला आणि मग आपल्या लोकांशी भांडत बसला की यातलं काय घ्यायचं. जपानने घेतलं, जमलं नाही, सात वर्षांत तो कायदा बदलला. उसनं घेतलं होतं पण हिशेब घरातच होता, पेपर घरचेच काढत होते.

आणि उसनं घेण्याबद्दल शहाणपणाचं बोलणंही तेव्हाच होऊन गेलंय. १९०० साली मायकल सॅडलर नावाच्या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने गिल्डफर्डच्या भाषणात सांगितलं होतं की बागेत फिरणारं लहान मूल जसं एका झुडपाचं फूल तोडतं, दुसऱ्याची पानं तोडतं आणि सगळं घरच्या मातीत खोचलं की जिवंत रोप मिळेल असं समजतं, तसं परदेशी शिक्षणपद्धतींचं करता येत नाही. शाळेच्या आत जे असतं त्यापेक्षा शाळेच्या बाहेर जे असतं ते जास्त महत्त्वाचं, हेही त्याचंच म्हणणं. सव्वाशे वर्षं झाली. फुलं तोडणं चालूच आहे, आता फक्त तोडायला कमिट्या जातात आणि विमानाने जातात.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण इंग्लंडचंच. २००९ आणि २०१२ च्या पिसामध्ये शांघाय पहिलं आलं, गणितात तर फारच पुढे. इंग्लंडने २०१४ पासून शांघायचे गणिताचे शिक्षक आपल्या शाळांत बोलवायला सुरुवात केली, आपले शिक्षक तिकडे पाठवले आणि २०१६ मध्ये ही 'मास्टरी' पद्धत सुमारे ८ हजार प्राथमिक शाळांत न्यायला ४१ दशलक्ष पौंड जाहीर केले. सगळा वर्ग एकाच वेगाने पुढे जाणार, एक संकल्पना पक्की झाल्याशिवाय पुढची नाही, छान आहे, मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण शांघायचा प्राथमिक शाळेतला गणिताचा शिक्षक फक्त गणित शिकवतो, दिवसाला साधारण दोन तास घेतो आणि उरलेला दिवस वह्या तपासणं, दुसऱ्या शिक्षकांबरोबर पुढच्या तासाची तयारी करणं, ज्या पोराला कळलं नाही त्याला त्याच दिवशी बाजूला बसवून समजावणं यात घालवतो. आणि इंग्लंडच्या प्राथमिक शाळेतली शिक्षिका? ती सकाळपासून दुपारपर्यंत एकाच वर्गाला गणित, भाषा, विज्ञान, इतिहास सगळं शिकवते आणि वह्या रात्री घरी तपासते. म्हणजे फूल आणलं, पण ज्यामुळे ते फूल येतं तो शिक्षकाचा रिकामा वेळ आणला नाही, कारण तो आणायचा तर शिक्षकांची संख्या वाढवावी लागते आणि तो खर्च कुठल्याच अर्थमंत्र्याला परवडत नाही. पद्धत स्वस्त असते, परिस्थिती महाग असते, म्हणून जगभर पद्धती विकल्या जातात.

फिनलंडचंही तेच, दुरून डोंगर साजरे. २००० च्या पहिल्या यादीत वाचनात ५४६ मार्क घेऊन फिनलंड पहिला आला आणि पुढची दहा-बारा वर्षं जगातला असा शिक्षणमंत्री शोधायला लागेल ज्याने हेलसिंकीची फेरी मारली नाही. काय पाहिलं त्यांनी? होमवर्क कमी, परीक्षा कमी, पोरं बूट काढून नुसते पायमोजे घालून वर्गात. काय दिसलं नाही? की प्राथमिक शिक्षकालाही मास्टर्स डिग्री लागते आणि हे सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून चालू आहे, की शाळांची तपासणी करणारे इन्स्पेक्टर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच काढून टाकलेत, की खाजगी फी भरून वेगळ्या शाळेत जायचा रस्ता तिथे जवळपास नाहीच, त्यामुळे डॉक्टरचं पोर आणि ड्रायव्हरचं पोर एकाच बाकावर. फिनलंडने हे सगळं पिसासाठी केलेलं नव्हतं, पिसा जन्मालाही यायच्या आधी केलेलं होतं, स्वतःच्या प्रश्नाला स्वतःचं उत्तर म्हणून. गंमत म्हणजे त्यानंतर त्यांचे मार्क घसरत गेले. गणितात २००६ ला ५४८ होते ते २०२२ ला ४८४. का घसरले यावर त्यांच्यातच एकमत नाही. पण पाहुणे कमी झाले हे नक्की, आता सगळे एस्टोनिया आणि सिंगापूरला जातात.

आता कुणी म्हणेल, अहो पण आरसा दाखवला तर आरशावर का चिडता? बरोबर आहे, आणि मी चिडलेलो नाही. जर्मनीला त्या यादीने एक फार मोठी गोष्ट दाखवली जी घरातल्या कुणी इतक्या मोठ्याने सांगितली नव्हती, की तिथे मुलाचे मार्क त्याच्या आईबापाच्या परिस्थितीवर इतर देशांपेक्षा जास्त अवलंबून आहेत, आणि स्थलांतरित कामगारांची मुलं सगळ्यात मागे आहेत. बहुतेक राज्यांत तिथे मूल दहा वर्षांचं झालं, चौथी झाली, की ठरतं हे विद्यापीठाच्या रस्त्याला जाणार की कामाच्या. दहाव्या वर्षी! मग सुधारणा झाल्या, २००३ मध्ये पूर्णवेळ शाळांसाठी केंद्राने ४ अब्ज युरो काढले (त्याआधी तिथल्या बऱ्याच शाळा दुपारी जेवायच्या वेळेला सुटायच्या), सगळ्या राज्यांसाठी समान दर्जा ठरवणारी मानकं आली, चाचण्या वाढल्या. आणि दहाव्या वर्षीची ती फाळणी? ती बहुतेक ठिकाणी तशीच राहिली. म्हणजे आरशाने दुखणं बरोबर दाखवलं, पण उपाय निवडताना जे मोजता येतं आणि ज्यावर कुणी आंदोलन करणार नाही ते आधी निवडलं गेलं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बाहेरची मोजपट्टी देशाला सत्य सांगू शकते, पण त्या सत्याचं काय करायचं ही लढाई घरातच लढावी लागते, आणि मोजपट्टी आली की लोकांना वाटायला लागतं ती लढाई झालीच.

भारतानेही एकदा तोंड बघितलं होतं या आरशात. २००९ च्या फेरीच्या विस्तारात तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्यं उतरली, वाचन आणि गणितात ७४ जणांत दोघांच्या खाली फक्त किरगिझस्तान होता. प्रश्न आपल्या मुलांच्या संदर्भातले नव्हते असं म्हणून सरकार बाहेर पडलं. संदर्भाचा मुद्दा खोटा नाही. पण संदर्भ आपला, प्रश्न आपले असलेली तितकीच कडक चाचणी घेऊन तिचा निकाल तितक्याच मोठ्याने सांगायची तयारी असेल तरच तो मुद्दा मांडायचा हक्क राहतो, नाहीतर तो नापास पोराचा बहाणा होतो.

फिलिपिन्सची गोष्ट मला या सगळ्यात जास्त लागते. तिथे शाळा दहा वर्षांची होती. जगात अशी दहा वर्षांची शाळा उरलेले तीनच देश होते, अंगोला, जिबुती आणि फिलिपिन्स. आणि फिलिपिन्स हा असा देश जिथून नर्स, खलाशी, इंजिनिअर, घरकाम करणाऱ्या बायका सगळ्या जगात जातात, त्यांनी पाठवलेल्या पैशावर लाखो घरं चालतात. बाहेर गेल्यावर यांच्या डिग्रीला लोक म्हणायचे, तुमची शाळाच दोन वर्षं कमी, आम्ही पूर्ण डिग्री कशी मानू? इंजिनिअरिंगच्या डिग्र्या एकमेकांनी मान्य करायचा वॉशिंग्टन करार आणि युरोपातल्या देशांच्या डिग्र्या एका मापात आणणारी बोलोन्या प्रक्रिया, दोन्हीकडे हीच अडचण. शेवटी २०१३ मध्ये कायदा करून शाळेला दोन वर्षं वरती जोडली. सरकारने कारणं इतरही दिली, अभ्यासक्रम कोंबलेला आहे, मुलांना श्वास घ्यायला वेळ नाही वगैरे, आणि ती खरीही होती. पण गरीब घरातल्या आईबापांना दिसलं ते एवढंच की पोरगं कमवायला लागायच्या आधी अजून दोन वर्षं पोसायचं. आणि २०१८ मध्ये देश पहिल्यांदा पिसाला बसला तेव्हा ७९ जणांत वाचनामध्ये शेवटचा आला. ती मुलं पंधरा वर्षांची होती, वरची दोन वर्षं त्यांच्यापर्यंत आलीच नव्हती, त्यांचं बिघडलं होतं ते खाली, पहिली-दुसरीत. आधी कळस मग पाया म्हणतात ते हेच. मी असं म्हणत नाही की जोडलेली वर्षं वाईट, मी म्हणतोय की परदेशातल्या मालकाला जे कमी वाटत होतं ते वरती होतं, ते आधी भरलं गेलं, आणि देशातल्या सहा वर्षांच्या पोराला जे कमी पडत होतं ते खाली होतं, त्याच्यासाठी बाहेरून कुणी दार ठोठावत नव्हतं. आणि त्याच सुधारणेत लहान वर्गांना मातृभाषेतून शिकवायचं जे ठरलं होतं ते २०२४ मध्ये कायदा करून सक्तीतून काढून टाकलं.

भाषेचा विषय निघालाच आहे तर रवांडा. तिथे जवळपास सगळे एकच भाषा बोलतात, किन्यारवांडा, आफ्रिकेत असा देश विरळा. शाळेत वरच्या वर्गांना मुख्यतः फ्रेंच. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने ठरवलं की आता शिक्षण इंग्रजीतून. आदल्या वर्षी ते पूर्व आफ्रिकी समुदायात गेले होते, पुढच्या वर्षी राष्ट्रकुलात गेले, शेजारचे व्यापारी देश इंग्रजी वापरणारे, फ्रान्सशी १९९४ च्या नरसंहारावरून वैर, कारणं समजण्यासारखी आहेत. पण वर्गात उभा असलेला शिक्षक ज्याला स्वतःलाच इंग्रजी येत नाही त्याने सोमवारपासून इंग्रजीतून काय शिकवायचं? पी हळद आणि हो गोरी. थोड्याच वर्षांत पहिले तीन वर्ग किन्यारवांडात परत आणले, २०१९ मध्ये पुन्हा पहिलीपासून इंग्रजी. मलेशियानेही २००३ मध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू केलं, खेड्यातली मुलं मागे पडताहेत हे दिसल्यावर २००९ मध्ये निर्णय फिरवला, २०१२ पासून परत मलय. एक पिढी अशी की जिने अपूर्णांक एका भाषेत आणि बीजगणित दुसऱ्या भाषेत शिकलंय. इंग्रजी शिकू नका असं मी म्हणणार नाही, म्हणणारे स्वतःची मुलं कुठे घालतात ते सगळ्यांना माहीत असतं. पण इंग्रजी चांगली शिकवणं आणि सगळं इंग्रजीतून शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली अवघड असल्यामुळे जगभरची सरकारं दुसरी करून मोकळी होतात.

विद्यापीठांच्या बाबतीत पेपर काढणारा आणखी उघड दिसतो. २००३ साली शांघायच्या एका विद्यापीठाने जगातल्या विद्यापीठांची यादी काढली, हेतू साधा होता, चीनची विद्यापीठं किती मागे आहेत ते बघायचं. त्या यादीत आज ३० टक्के मार्क कशाला? तुमच्या माजी विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना मिळालेल्या नोबेल आणि गणितातल्या फील्ड्स पदकांना. २० टक्के 'नेचर' आणि 'सायन्स' या दोन नियतकालिकांतल्या लेखांना. आता एखादं विद्यापीठ जे आपल्या भागासाठी नर्स, शिक्षक, पाणी अडवणारे इंजिनिअर घडवतं, स्थानिक भाषेत शेतीवर काम करतं, त्याला यात काय मिळणार? शून्य. ही यादी आणि पुढच्याच वर्षी आलेली ब्रिटनमधली यादी, दोन्हींवरून सरकारं पैसे वाटायला लागली. रशियाने २०२० पर्यंत पाच विद्यापीठं पहिल्या शंभरात न्यायचा कार्यक्रमच काढला होता, वर्षं संपली, पाच काही गेली नाहीत. दरम्यान जगभरच्या प्राध्यापकाला कळलं की आपल्या भाषेत आपल्या लोकांसाठी लिहिलेला लेख कुणी मोजत नाही, मग त्याने ते लिहिणं सोडलं. त्याला दोष कसा द्यायचा, त्याचं प्रमोशन त्यावर.

(जाता जाता: इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये शिकवणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्यासमोर 'सीओ-पीओ मॅपिंग' (एकेका विषयाच्या उद्दिष्टांची पूर्ण डिग्रीच्या उद्दिष्टांशी घातलेली सांगड) हा शब्द उच्चारून बघा. १९८९ च्या त्या वॉशिंग्टन कराराने मागितलेलं फलाधिष्ठित शिक्षण, म्हणजे प्रत्येक विषयातून मूल काय करू शकेल ते आधी ठरवा आणि मग मोजा, हा विचार उत्तम आहे. प्रत्यक्षात वर्गात जाऊन तेच शिकवायचं जे आधी शिकवत होतो आणि मग सेमिस्टर संपल्यावर एक्सेलमध्ये १, २, ३ असे आकडे भरायचे.)

आणि आता पैशाकडे येऊ, कारण घोडं शेवटी तिथेच पेंड खातं. १९९५ पासून सेवांच्या व्यापाराचा जो जागतिक करार आहे, गॅट्स, त्यात सेवांचे बारा विभाग केलेत आणि शिक्षण त्यातला एक. बँका, पर्यटन, दूरसंचार, तसं शिक्षण. विद्यार्थी परदेशी गेला तो व्यापाराचा एक प्रकार, परदेशी विद्यापीठाने इथे कॅम्पस काढला तो दुसरा, ऑनलाइन कोर्स तिसरा, शिक्षक तिकडे जाऊन शिकवतो तो चौथा. बहुतेक देशांनी शिक्षणात फार कमी बंधनं स्वीकारली, पण शब्द रुळला. ऑस्ट्रेलियात शिक्षण ही 'निर्यात' म्हणून मोजतात आणि कोळसा, लोहखनिज अशा मोठ्या निर्यातींच्या रांगेत तिचं नाव येतं.

यावर नेहमीची टीका अशी की गरीब देशांची हुशार मुलं आणि पैसा श्रीमंत देशांत जातो. खरंच आहे ते. पण कमी बोललं जातं ते हे की यात श्रीमंत देशाच्या स्वतःच्या शिक्षणाचं काय होतं. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात २०१९ मध्ये सरकारने स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्क्यांनी कमी केली आणि गोठवली, लोक खूश. पण कॉलेजांना सरकारकडून मिळणारं अनुदान काही त्या प्रमाणात वाढलं नाही. मग भरपाई कुठून? परदेशी मुलांकडून, जे कितीतरी पट फी भरतात. कॉलेजांनी जागा वाढवल्या, एजंट नेमले, दोन वर्षांचे डिप्लोमे काढले ज्यात खरं आकर्षण अभ्यासाचं नव्हतं तर नंतर मिळणाऱ्या वर्क परमिटचं होतं, हे देणाऱ्याला माहीत होतं आणि घेणाऱ्यालाही. मग घरभाडी भडकली, लोक चिडले आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने अभ्यास परवान्यांवर मर्यादा आणली, त्या वर्षी सुमारे ३ लाख ६० हजार, आधीपेक्षा ३५ टक्के कमी. त्यानंतर काय झालं? कॉलेजांनी कोर्सेस बंद केले, स्टाफ काढला, आणि त्यातले बरेच कोर्स स्थानिक मुलांचेही होते. ऑस्ट्रेलियात हेच २०२० मध्ये झालं होतं, कोविडने सीमा बंद झाल्या आणि विद्यापीठांतल्या हजारो नोकऱ्या गेल्या. म्हणजे त्या देशाच्या मुलांचं शिक्षण किती चांगलं असणार हे त्या देशाने किती कर गोळा केला यावर नाही, तर दुसऱ्या खंडातला एक बाप जमीन गहाण टाकायला तयार आहे की नाही यावर ठरत होतं. दोन्हीकडच्या कुटुंबांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

अजून एक जण पेपरातून गायब झालाय, तो म्हणजे पैसेवाला पालक. आयबी, इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झालं, राजदूतांच्या, आंतरराष्ट्रीय संस्थांतल्या लोकांच्या मुलांसाठी, दर तीन वर्षांनी देश बदलतो म्हणून. गरज खरी होती. आज ५ हजारांहून जास्त शाळांत ते आहे आणि त्यातली खूप मुलं अशी की ज्यांनी कधी देश बदललेला नाही, ती फक्त आपल्या देशाच्या शिक्षणातून बाहेर पडलीत, देशात राहूनच. अभ्यासक्रम चांगला आहे, त्याच्याशी भांडण नाही. भांडण याचं की जो सचिव, जो उद्योगपती, जो संपादक शाळेत पंखा चालत नाही म्हणून फोन फिरवू शकला असता, त्याचं पोरच आता त्या शाळेत नाही. पूर्वी राष्ट्रीय शिक्षणाबद्दल ओरडणारे आवाज असायचे ते आता एक टाळी वाजवून दुसऱ्या हॉलमध्ये गेलेत.

एवढं लिहिलं म्हणजे मी राष्ट्राच्या बाजूने ढोल वाजवतोय असं कुणी समजू नका. देशाने काढलेला पेपरही काही कमी क्रूर नव्हता. फ्रान्सच्या शाळांत ब्रेतों ही तिथली स्थानिक भाषा बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात खूणवस्तू अडकवायचे, वेल्समध्ये वेल्श बोललं म्हणून लाकडाचा तुकडा, आणि दिवसअखेर ज्याच्या गळ्यात तो उरेल त्याला शिक्षा, म्हणजे मुलांनी मुलांच्याच चहाड्या कराव्यात अशी सोय. इतिहासाच्या पुस्तकांबद्दल तर बोलायलाच नको. बाहेरच्या जगाने यात चांगलं केलंय, १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात २६ व्या कलमात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं असं लिहिलं गेलं म्हणून कितीतरी देशांतल्या लोकांना स्वतःच्या सरकारसमोर धरायला एक कागद मिळाला, मुलींच्या शाळांसाठी तर फारच.

पण त्याच बाहेरच्या जगाचा दुसरा हात बघा. टांझानियात सत्तरच्या दशकाअखेर जवळपास सगळी मुलं प्राथमिक शाळेत आली होती, अत्यंत गरीब देशात. ऐंशीच्या दशकात कर्ज वाढलं, जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या अटींखाली सार्वजनिक खर्च कापला गेला, शाळांना फी आली आणि मुलं गळायला लागली. फी जायला २००१ उजाडलं. केनियात २००३ मध्ये नव्या सरकारने निवडणुकीतलं वचन पाळून प्राथमिकची फी रद्द केली आणि एका झटक्यात दहा लाखांहून जास्त मुलं जास्तीची शाळेत आली, वर्गात बसायला जागा नाही, एका बाकावर पाच पाच जण. त्यांच्या पाठोपाठ २००४ च्या जानेवारीत किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा गणवेश घालून पहिलीत दाखल झाले, त्यांना बायबल स्वतः वाचायचं होतं आणि पैसे मोजता यायला हवे होते. म्हातारा आणि ती दहा लाख मुलं कुठल्या यादीमुळे आली नाहीत. मत मागायला आलेल्या माणसाला घरच्या लोकांनी प्रश्न विचारला होता, त्याचं ते उत्तर होतं. अर्थात त्याच शाळांत पुढे शिकणं किती झालं हा प्रश्नही तितकाच खरा, गर्दी म्हणजे शिक्षण नाही, आणि तो प्रश्न विचारायला चाचण्या लागतातच. फक्त त्या कोणाच्या, एवढंच माझं भांडण.

देशांना नाही म्हणता येतं, हे विसरायला नको. जर्मनीतल्या काही राज्यांनी २००६-०७ च्या सुमारास विद्यापीठांना फी लावली, बाकी जग लावतंय म्हणून, विद्यार्थी रस्त्यावर उतरले, एकेका राज्यात सरकारं बदलली आणि २०१४ पर्यंत सगळीकडची ती फी गेली. चिलीने १९८१ पासून व्हाउचर (म्हणजे मूल ज्या शाळेत जाईल तिला, खाजगी असली तरी, त्याच्यामागे सरकारी पैसा) आणि नफ्याच्या शाळा हा प्रयोग जगात सगळ्यात पुढे नेला होता, जगभर त्याची उदाहरणं दिली जायची, २०११ मध्ये तिथल्या शाळा-कॉलेजच्या पोरांनी महिनोन्महिने शहरं बंद पाडली आणि २०१५ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना नफा काढायला बंदी झाली. दोन्हीकडे कुणी जागतिकीकरण थांबवलं नाही, जर्मनीत आजही बाहेरून मुलं येतातच. त्यांनी फक्त पेपर हातात घेऊन त्यातला एक प्रश्न खोडला.

पिसाच्या २०२५ च्या फेरीत आता एक नवी चाचणी आली आहे, परदेशी भाषेची, आणि सुरुवात अर्थातच इंग्रजीपासून. ऐच्छिक आहे म्हणे, ज्या देशाला हवी त्याने घ्यावी. पिसासुद्धा ऐच्छिकच होती.